‘पोरांनी पोरांना खेळवून मधुमेह टळतो का?’

गेल्या आठवड्यात साताऱ्याहून माझ्या मावसबहिणीने, म्हणजे आमच्या ताईने, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश पुढे ढकलला. त्यातले दावे असे: कॅनडातल्या मूलनिवासींच्या रक्तातच मधुमेह आहे, ते सरकारी पैशावर बसून खातात, त्यांना भाजीपाला नको, वेफर्स आणि कोला हवा, आणि तरीही मॅनिटोबातले डॉक्टर शाळेतल्या मोठ्या मुलांकडून धाकट्यांना खेळवून मधुमेह थांबवायला निघाले आहेत, हा निव्वळ पोरखेळ आहे. खाली हात जोडलेल्या तीन इमोजी आणि ‘तू तिथेच राहतोस म्हणून पाठवले’ ही ताईची ओळ. मॅनिटोबा हा माझाच प्रांत असल्यामुळे गप्प बसणे जमले नाही.

रक्ताचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि ते मान्य करणे भाग आहे. ओजी-क्री या कॅनडातल्या मूलनिवासी लोकांमध्ये एचएनएफ१ए या जनुकाचा एक वेगळा प्रकार आढळतो आणि तो ज्यांच्यात असतो त्यांना मधुमेह कमी वयात गाठतो, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आहे. पण जनुक पिढ्यानपिढ्यांचे, आणि मोठ्या माणसांचा समजला जाणारा टाइप २ मधुमेह इथल्या डॉक्टरांना मुलांमध्ये दिसू लागला तो १९८०च्या दशकात. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातले पिमा हे मूलनिवासी लोक आणि मेक्सिकोच्या डोंगरांत अंगमेहनतीची शेती करणारे त्यांचेच भाऊबंद यांची तुलना २००६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा ॲरिझोनातल्या प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के, तर मेक्सिकोतल्यांत ७ टक्क्यांहूनही किंचित कमी निघाले. सगळा दोष रक्ताचा असता तर एवढी तफावत पडली नसती.

आता तो ‘पोरखेळ’. गार्डन हिल हे मॅनिटोबातल्या आयलंड लेक या तळ्याकाठचे ओजी-क्री गाव. तिथे बारमाही रस्ता नाही. जायचे तर विमानाने, नाहीतर कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या तळ्यांवरून काही आठवडेच चालणाऱ्या बर्फाच्या रस्त्याने. तिथल्या शाळेत हायस्कूलची मुले-मुली आठवड्यातून एकदा, शाळा सुटल्यावर, दीड तास चौथीच्या मुलांबरोबर घालवत. पौष्टिक खाऊ, दम लागेपर्यंत खेळ, आणि खाण्यापिण्याविषयी व एकमेकांशी वागण्याविषयी चार गोष्टी, एवढाच कार्यक्रम, आणि तोही पाच महिन्यांचा. ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात २०१४ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, कार्यक्रमात नसलेल्या मुलांच्या तुलनेत या मुलांच्या कमरेचा घेर आणि वयाच्या मानाने वजन कमी वाढले. अभ्यास छोटा होता, एकाच शाळेतला होता, गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते आणि मधुमेह किती जणांना टळला हे त्यात मोजलेले नाही, हे सगळे खरे. पण मुलांना टाइप २ मधुमेह बहुधा वयात येताना जडतो, तेव्हा त्याच्या अलीकडची नऊ-दहा वर्षांची मुले निवडणे यात पोरखेळ कुठे आला?

मुलांनी मुलांना काय शिकवायचे, हा प्रश्न इतर कोणी विचारला असता तर मी समजू शकलो असतो. ताईने एकतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत काढली. एका खोलीत दोन वर्ग, बाई फळ्यापाशी तिसरीला भागाकार समजावताहेत आणि मागे भिंतीला टेकून बसलेला चौथीचा मुलगा पहिलीच्या पोरांकडून बेचा पाढा म्हणवून घेतो आहे, हे दृश्य मी लहानपणी सुट्टीत तिच्याच शाळेत पाहिले आहे. जूनमध्ये रडत आलेले पोर बाईंच्या समजावण्याने नव्हे, तर आळीतल्या चौथीच्या दादाचे बोट धरून वर्गात शिरायचे. विमानाने येऊन दोन दिवसांत परतणाऱ्या आहारतज्ज्ञाचे नऊ वर्षांचे मूल किती ऐकणार, आणि रोज दिसणाऱ्या चुलतभावाचे किती, हे ताईला मी सांगायला नको. शिवाय निवासी शाळांच्या नावाखाली सरकारने या समाजाची मुले १९९०च्या दशकापर्यंत घरांपासून तोडली, त्यामुळे मोठ्यांनी धाकट्यांना सांभाळून घेण्याची त्यांची जुनी रीतच खिळखिळी झाली. ती शाळेच्या व्यायामशाळेत पुन्हा उभी राहत असेल तर तिची टिंगल कशासाठी?

वेफर्सबद्दल एवढेच, की विमानाने येणाऱ्या मालाला वजनावर भाडे पडते आणि कोबी किंवा दूध वेफर्सच्या पुड्यासारखे हलकेही नसते, टिकाऊही नसते. राहिला सरकारी पैसा. आयलंड लेकच्या लोकांनी १९०९ साली ब्रिटिश राजसत्तेशी जमिनीच्या पाचव्या करारावर सह्या केल्या, आणि सरकार जे देते त्यात जमिनीच्या बदल्यात कबूल केलेली देणीही आहेत. बांधावरच्या चार फुटांसाठी सातबारा घेऊन तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या आमच्या घराण्याने तरी त्याला खैरात म्हणू नये.