काकापो 51 नाहीत, पिंजऱ्यातही नाहीत

‘जगात फक्त 51 काकापो उरलेत, तेही प्राणिसंग्रहालयात’ असा मेसेज फिरतोय. न्यूझीलंडच्या या उडू न शकणाऱ्या पोपटांबद्दलचा 51 हा आकडा खरा आहे, पण 1995 सालचा. 2022 च्या विणीनंतर त्यांची संख्या 252 झाली. मोजणी नेमकी असते, कारण जवळजवळ प्रत्येक पक्ष्याच्या पाठीवर रेडिओ ट्रान्समीटर बांधलेला असतो.

प्राणिसंग्रहालयात एकही काकापो नाही. मांजर, उंदीर, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) नसलेल्या व्हेनुआ होऊसारख्या बेटांवर ते मोकळे राहतात. शत्रू दिसला की काकापो पळत नाही, जागीच निश्चल उभा राहतो. वरून घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याला त्यामुळे तो दिसत नाही; वासावर येणाऱ्या स्टोटपुढे मात्र हीच सवय जिवावर बेतते.

वाढ संथ आहे. रिमू झाडांना भरघोस फळ आलं तरच विण होते, म्हणजे साधारण 2 ते 4 वर्षांनी एकदा. बरीच अंडी फलितच होत नाहीत. म्हणून गरजेप्रमाणे अंडं उबवणयंत्रात हलवतात आणि मादीखाली खोटं अंडं ठेवतात. ती घरटं सोडत नाही. नंतर पिल्लू परत देतात.

संकट टळलेलं नाही: 2019 मध्ये बुरशीजन्य फुप्फुसरोगाने 9 पक्षी दगावले. तरी 51 चा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर आला तर त्याखाली हा खुलासा टाका.