खांबाचा खड्डा आणि झाडाचा खड्डा : एका प्रतिक्रियेला उत्तर

शेतजमिनीत उरलेल्या जुन्या फळबागांच्या खुणांवर, म्हणजे झाडं लावताना खणलेल्या आणि आता बुजलेल्या खड्ड्यांवर मी लिहिलं, त्यावर एका वाचकांचं म्हणणं असं : ‘हवाई छायाचित्रात ठिपके ओळीत दिसले की झाली बाग! ते कुंपणाच्या खांबांचे खड्डे नसतील कशावरून? परागकण तपासलेले नाहीत, काळ ठरवलेला नाही. लेखकमहाशयांनी एकदा शेतात उतरावं.’

आधी एक चूक कबूल करतो. लागवडीच्या खड्ड्याची खोली मी मीटरभर लिहिली होती. मीटरभर असते ती रुंदी. खोली अर्धा ते पाऊण मीटर. दुरुस्ती केली आहे. ही चूक तुम्ही दाखवलेली नव्हती, हेही नोंदवून ठेवतो.

आता ते ‘शेतात उतरावं’. बावीस वर्षं अशाच खड्ड्यांचे छेद काढतोय, एवढं पुरे. शंका जरूर घ्या. पण प्रत्येक शंकेच्या शेपटीला टोमणा बांधलाच पाहिजे का?

खांबांचं म्हणाल, तर खांबाचा खड्डा खांब घट्ट धरून ठेवायला खणतात. तो तीस-पन्नास सेंटिमीटर रुंद, कडा उभ्या, कडेला ठासलेले दगड, आणि मधोमध खांब कुजून गेल्यावर राहिलेली गडद नळी. झाडाचा खड्डा मुळं पसरावीत म्हणून खणलेला असतो : रुंद, तळ सपाट, आत वरची काळी माती आणि खालचा मुरूम एकत्र ढवळलेला, तळाशी मुळांच्या वेड्यावाकड्या रेघा. अर्धा खड्डा उभा कापला की दहा मिनिटांत फरक कळतो. शिवाय कुंपण हद्दीवरून एका रेषेत जातं. मोठ्या फळझाडांचे खड्डे सात ते दहा मीटरांवर, दोन्ही दिशांनी, अख्खं शेत व्यापून असतात. एवढ्या अंतरावर खांब रोवून कोणतं जनावर अडवणार होता, तेही सांगा.

खड्ड्यांच्या या उभ्या-आडव्या जाळीत जागा रिकाम्या दिसतात, त्यानेही बिचकू नका. नांगर वरची पंचवीस-तीस सेंटिमीटर माती दरवर्षी उलथतो, त्यात उथळ खड्डे पुसले जातात. काही ठिकाणी दोन खड्डे एकमेकांना कापतात : मेलेल्या झाडाच्या शेजारी नवं लावलेलं असतं. हा बागेचा पुरावाच आहे.

शंका घ्यायचीच होती, तर उन्मळून पडलेल्या झाडाच्या खड्ड्याची घ्यायची. तिथे जाणकारही फसतात. झाड पडताना मुळांसकट मातीचा गड्डा उचलला जातो, खालची माती एका बाजूला ढासळते आणि वरून अर्धचंद्रासारखा गडद पट्टा दिसतो. एक कड उभी, दुसरी उतरती. बागेतलं झाडही असंच पडू शकतं आणि लागवडीचा खड्डा फाडून टाकतं. मग तो ठिपका जाळीवर बसतो की नाही, एवढाच आधार उरतो. हे तुमच्या प्रतिक्रियेत असतं तर मी आभार मानले असते.

आणि ‘ओळीत दिसले की बाग’ असं कोण म्हणालं? व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात पुरातत्त्वज्ञ विल्हेल्मिना जाशेम्स्की यांनी कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांतून ज्वालामुखीचे खडे काढले, तारेचा आधार देऊन त्यांत सिमेंट ओतलं, ते घट्ट झाल्यावर भोवतीची माती हटवली आणि मुळाच्या आकारावरून झाड ओळखायचा प्रयत्न केला. तिथल्या मोठ्या द्राक्षमळ्यात वेलींच्या 2,014 पोकळ्या मोजल्या गेल्या. पण इसवी सन 79 ची ती राख सगळीकडे पडत नाही. आपल्या वाट्याला येतं ते नांगराखालचं भरण, म्हणजे खड्ड्यात परत टाकलेली माती. त्यातही सभोवतीचीच माती भरलेली, म्हणून मातीच्या चुंबकीय गुणांतला फरक मोजणाऱ्या चुंबकीय सर्वेक्षणात हे खड्डे फिके उमटतात. कोरड्या वर्षी खड्ड्यावरचं धान्य जास्त दिवस हिरवं राहतं, तेव्हाचं छायाचित्र जास्त बोलतं.

परागकणांचं एका वाक्यात : सफरचंदासारख्या झाडांचं परागीभवन कीटक करतात, त्यामुळे त्यांचे कण मातीत फारच थोडे सापडतात; ऑलिव्ह किंवा अक्रोड असता तर गोष्ट वेगळी.

राहिला काळ. 1885 नंतर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारलेल्या बागेत वरच्या थरात तांबं साठतं, लेड आर्सेनेट हे कीटकनाशक वापरलेलं असेल तर शिसं आणि आर्सेनिकही. त्याआधीच्या बागेत हा मार्ग बंद. खड्ड्यातलं खापर किंवा कोळसा आजूबाजूच्या जुन्या मातीतून आत पडलेला असतो, त्यामुळे तो झाडाहून शेकडो वर्षं जुना निघू शकतो. ‘काळ ठरवलेला नाही’ हे लिहायला सोपं आहे. ठरवून दाखवा.