‘रिपोर्ट नॉर्मल आला न, मग झालं!’

मागच्या रविवारी घरच्या ग्रुपवर दादाने एक पीडीएफ टाकली. पुतण्याची स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी. खाली एवढंच : ‘रिपोर्ट नॉर्मल आला न, मग झालं. आता तिकडून लेक्चर नको.’ त्यावर वहिनीचे जोडलेले हात, नागपूरच्या सदर भागातल्या काकांचा अंगठा, आणि ‘टेकडीच्या गणपतीची कृपा’ असं मोठ्या आत्याचं.

प्रकरण असं की, पुतण्याच्या बॅगेत वहिनीला पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं. तिने बिचारीने ते आधी लॅपटॉपला लावून पाहिलं. आंब्याचा वास आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला : हा तर व्हेप, म्हणजे ई-सिगारेट. मग दोन दिवस ग्रुपवर महाभारत. काका म्हणाले, २०१९ पासून देशभर बंदी आहे, तर हे मिळतंच कसं? (काका, ज्या पानठेल्यावर तुम्ही तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेता तिथेच विचारा. गुटखाही महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे.) आणि पुतण्याने मला टोला हाणला : ‘आत्या, तुझ्या तिकडे तर सरकारच व्हेप वाटून राहिलं न!’

सरकार व्हेप वाटतं, हे खरं आहे. पण सिगारेट सोडू पाहणाऱ्यांना. २०२३ मध्ये इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारने दहा लाख लोकांच्या हातातली सिगारेट काढून व्हेप द्यायचं ठरवलं ते त्यासाठी. ज्याने जन्मात बिडी ओढली नाही अशा वीस वर्षांच्या पोरासाठी नव्हे. हे मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा खोडलं, कारण तेव्हा मी ट्रामच्या स्टॉपवर उभी होते आणि शेजारी शाळेच्या गणवेशातल्या दोन पोरी ब्लू रास्पबेरीचा धूर सोडत होत्या. २०२५ च्या जूनपासून वापरून फेकायचे व्हेप इथे बंद झाले. आता तेच रंग, तेच वास, फक्त बुडाशी चार्जिंगचं भोक. तर मोठ्या तोंडाने बोलायला मला फार जागा नाही.

पण ‘नॉर्मल’ या शब्दावर मी बोलणारच, कारण तो माझा धंदा आहे. शेफील्डच्या एका हॉस्पिटलात मी दिवसभर लोकांना फुंकायला लावते. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि मी समोर कुस्तीच्या पंचासारखी ओरडतेय : फुंका, फुंका, अजून, अजून! ही चाचणी एकच गोष्ट विचारते : छाती भरून घेतलेल्या हवेतली पहिल्या सेकंदात किती बाहेर पडली, आणि एकूण किती. हा बहुतेक फुप्फुसातल्या मोठ्या श्वासनळ्यांचा हिशेब. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या असतात ढिगाने, पण हवेला होणाऱ्या एकूण अडथळ्यात त्यांचा वाटा इतका थोडा की त्यातल्या कितीतरी बिघडल्या तरी आकडा हलत नाही. फुप्फुसाचा मुका भाग म्हणतात त्याला. पोरगं दोन वर्षं व्हेप ओढत असेल तर जे काय व्हायचं ते आधी तिथे होणार, आणि दादाची पीडीएफ तिथवर पोचतच नाही.

म्हणून व्हेपवर संशोधन करणारे नुसत्या स्पायरोमेट्रीवर थांबत नाहीत. एका चाचणीत शुद्ध ऑक्सिजन ओढत राहायचं आणि फुप्फुसातला नायट्रोजन मूळच्या चाळिसाव्या हिश्शावर यायला किती हवा खेळवावी लागते ते मोजायचं. बारीक नळ्यांत गडबड असली की हे काम लांबतं. दुसरी माझ्या गावची शान, म्हणजे शेफील्डची : झेनॉन वायू ओढून काही सेकंद श्वास रोखायचा आणि एमआरआयवर बघायचं, हवा कुठे पोचली आणि कुठे नाही. कोविडनंतर धाप लागणाऱ्या काही जणांचे सीटी जवळपास ठीक होते, तरी ऑक्सफर्डला आणि इथे केलेल्या झेनॉन स्कॅनमध्ये बिघाड दिसला. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेपमुळे माणसं पटापट आजारी पडली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांची नोंद झाली आणि त्यातले ६८ गेले. तेव्हा गुन्हेगार कसा सापडला? फुप्फुसात खारं पाणी सोडून परत ओढून घेतलं, आणि ५१ पैकी ४८ रुग्णांच्या त्या पाण्यात व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट निघालं. गांजाच्या अर्काच्या काळ्या बाजारातल्या मालात ते मिसळलेलं होतं. फुंकून हे कळलं नसतं, दादा.

नागपुरात असा अभ्यास करायचा म्हटलं तर आणखी मजा. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला तर बिडीवाला सापडतो, व्हेपवाला सुटतो, कारण तिथे काही जळतच नाही. लघवीतलं कोटिनिन तपासलं तर निकोटिन शरीरात गेलं एवढं कळेल. ते व्हेपचं की खर्ऱ्याचं, हे लघवी सांगत नाही. काकांचा आणि पुतण्याचा रिपोर्ट शेजारी ठेवला तर कोण कोणाला लेक्चर देणार? वर कोराडीच्या वीजकेंद्राची राख आणि दिवाळीचा धूर आहेच. इथे डोंगरउतारावरच्या स्वच्छ हवेत बसून हे लिहिणं सोपं आहे, मला कळतं. पण इथल्याही कारखान्यांच्या धुराने पिढ्या खोकल्या, हे मी नागपूरच्या माणसांना सांगत नाही.

दादाच्या पीडीएफवर परत येते. तपासणीच्या तासभर आधी व्हेप ओढायचा नसतो. त्याला कोणी विचारलं का? रिपोर्टवर काही नाही. आणि ‘नॉर्मल’ कुणाच्या मापाने, तेही छापलेलं नाही. हे दुसरं मला जास्त झोंबलं, आणि त्याचं कारण वेगळं आहे.

तुमची फुंकर ज्याच्याशी ताडायची तो अपेक्षित आकडा मशीन एका यादीवरून काढतं : वय, उंची, लिंग आणि वंश. जगभर चालणाऱ्या २०१२ च्या समीकरणांमध्ये गोऱ्यांचा गट आहे, काळ्यांचा आहे, उत्तर-पूर्व आणि दक्षिण-पूर्व आशियाचे आहेत. आपला नाही. आपण ‘इतर’. २०२२ मध्ये वंश काढून टाकलेलं नवं समीकरण आलं, पण आमच्या विभागातल्या मशिनमध्ये जुनी यादी अजून उघडते. नऊ वर्षं मी लेस्टर-ब्रॅडफर्डहून आलेल्या गुजराती-पंजाबी म्हाताऱ्यांसाठी ‘इतर’ निवडते आणि मला काही वाटत नाही. त्यांना मशिनचा पडदा दिसत नाही, एवढं मात्र मी बघते.

सोमवारी सगळे गेल्यावर मी स्वतः फुंकलं. ओरडायला कोणी नव्हतं, मनातल्या मनात मराठीत ओरडले. गोऱ्यांच्या मापाने ८७ टक्के, ‘इतर’च्या मापाने ९४. फुंकर तीच.

रात्री दादाचा फोन. आवाज उतरलेला. पोरगं दोन दिवस जेवायला बाहेर येऊन नाही राहिलं म्हणे. मी मुक्या भागाचं सांगितलं, नायट्रोजनचं सांगितलं, तो हूं हूं करत राहिला. मग म्हणाला, ‘तू एवढी सगळ्यांचं फुंकून घेते. तुझं किती आलं?’

मी ९४ सांगितलं.