‘घरबसल्या’ बसून लिहिलेलं उत्तर

साहेब,

आमच्या चंपी कुत्रीच्या गाठीवर, म्हणजे कुत्र्याकडून कुत्र्याला लागणाऱ्या कॅन्सरवर, मी लेख लिहिला. त्याखाली तुम्ही लिहिलंत : “कॅन्सरची कधी लागण होत नसते, झालीच तर विषाणूमुळे. घरबसल्या गूगल करून डॉक्टर होऊ नका. आणि व्हिन्क्रिस्टिनच्या (या कॅन्सरवरच्या इंजेक्शनच्या) आधी रक्त तपासावं लागतं, ते का नाही लिहिलं?”

चूक दाखवा की, कोण नको म्हणतंय! पण ही बोलायची कुठली तऱ्हा? म्हणे ‘घरबसल्या’! माझे वडील जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. सुट्टीत मी त्यांच्या मागं मागं. कुत्रीचं तोंड सुतळीनं बांधायचं काम त्यांचं, शेपटी वर धरायचं माझं. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालभडक गाठ, कापूस नुसता टेकला तरी तुकडा सुटून यायचा आणि रक्ताची धार माझ्या चपलेवर. तेव्हा तुमचं गूगल जन्मायचं होतं.

आता विषाणू. इथं विषाणू नाहीच. जुगताना, हुंगताना, चाटताना गाठीतल्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात आणि तिथं रुजतात. रशियात नोविन्स्की नावाच्या पशुवैद्यानं 1876 सालीच गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्यात लावून वाढवून दाखवला होता. कुत्र्याची गुणसूत्रं 78, या पेशींत साठच्या आसपास. 2006 मध्ये डीएनए ताडून पाहिला, तर गाठीचा डीएनए ज्या कुत्र्याच्या अंगावर ती होती त्याच्याशी जुळेना. देशोदेशीच्या गाठींचा मात्र एकमेकींशी जुळला. सगळ्यांचं मूळ एकच कुत्रं, मरून हजारो वर्षं झालेलं. म्हणजे चंपीची गाठ चंपीची नव्हतीच! विषाणूमुळे येतात ते कुत्र्यांचे मस, ते वेगळे. पिल्लांच्या तोंडात येतात आणि बहुतेकदा आपोआप झडून जातात. तुमची गल्लत बहुधा तिथं झाली असावी.

एक मात्र कबूल. ‘विषाणूसारखा पसरतो’ हे माझं वाक्य सैल होतं. बदललंय.

रक्ततपासणीचं म्हणाल, तर त्या इंजेक्शननं पांढऱ्या पेशी उतरतात हे मलाही ठाऊक आहे. दर आठवड्याला चंपीला रिक्षात घालून नेत होतो, ते बघायला डॉक्टर बसले होते. लेखाचा विषय तो नव्हता. बाकीच्यावर बोलण्यासारखं काही नाही.

चंपी आता ठणठणीत आहे. संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यापाशी असते. येऊन बघा, खुशाल. फक्त हाक जरा बेतानं मारा, वरच्या पट्टीत बोललेलं तिला खपत नाही.