भुसावळच्या दादांना उत्तर: सगळं चेनवर असताना वकील कशाला?

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनसारख्या क्रिप्टो चलनांच्या व्यवहारांच्या सामायिक वहीत, लिहिलेलं खोडता येत नाही, मग मध्ये वकील येतो तो फक्त फी काढायला, आणि केळीच्या मुलखात माझी ही क्रिप्टोची वकिली म्हणजे नुसती पाटी.

आधी माझी चूक. मागच्या लेखात "क्रिप्टो आता कायदेशीर झालं" असं लिहून बसले, ते तुम्ही बरोबर पकडलंत. बँकांना क्रिप्टोपासून लांब ठेवणारं रिझर्व्ह बँकेचं 2018 चं सर्क्युलर सुप्रीम कोर्टाने 4 मार्च 2020 ला रद्द केलं, त्याने बँकांची दारं उघडली एवढंच. एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के टॅक्स आहे, पण टॅक्स घेतला म्हणजे मान्यता दिली असं होत नाही. ती ओळ बदलते.

बाकीचं मात्र पटत नाही भो. मागे रावेरकडचे एक केळी व्यापारी आले, कॅरीबॅगमध्ये बँकेचे प्रिंट घेऊन. मुलाने ॲपवर पी-टू-पी करून, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाशी सौदा करून, टेदर (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो) विकले, पैसे यांच्या खात्यात आले आणि आठ दिवसांत खातं फ्रीज, कारण ते पैसे दुसऱ्या राज्यात कोणाला तरी फसवून काढलेले निघाले, आणि इकडे ऐन कटाईत मजुरांची मजुरी त्याच खात्यात अडकलेली. मुलगा पुण्याला, ॲप त्याच्या फोनमध्ये. त्याने फोनवर सांगितलेला 64 अक्षरांचा हॅश (चेनवरच्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) काकांनी वहीच्या पानावर उतरवलेला, त्यात कुठेतरी बी चा डी झालेला, एक्सप्लोररवर (चेनवरचे व्यवहार शोधायची साइट) काही सापडेचना! मुलाला फोन लावून अक्षर अन् अक्षर जुळवलं तेव्हा सापडलं. आणि चेनने सांगितलं काय? या वॉलेटमधून (क्रिप्टोचं खातं) त्या वॉलेटला इतके टेदर गेले. बस. टेदर घेणारा आणि रुपये पाठवणारा एकच माणूस का, हे चेनला कसं कळणार, रुपये तर यूपीआयने आले होते.

खरं काम तिथून पुढे. एक्सचेंजकडून, म्हणजे ते ॲप चालवणाऱ्या कंपनीकडून, ऑर्डरचा रेकॉर्ड, चॅट, समोरच्याचं केवायसी मागायचं (मार्च 2023 पासून ही मंडळी मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आलीत, त्यामुळे केवायसी ठेवावंच लागतं), मग त्या रेकॉर्डला, कोर्टात पुरावा म्हणून चालावा यासाठी, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं सर्टिफिकेट जोडायचं. कोर्टात अजून सगळे जुन्या कायद्यातल्या कलमावरून 'पासष्ट बी'च म्हणतात, पण नव्या नमुन्यात फाइलचा हॅश (फाइलवरून निघणारा अक्षर-आकड्यांचा ठसा) सुद्धा लिहावा लागतो, म्हणजे तुमचा लाडका हॅश आता कायद्यातच येऊन बसलाय. हे सगळं घेऊन तपास अधिकाऱ्याला पत्र, की वादातली रक्कम रोखा पण बाकीचं खातं सोडा. त्यातच दीड महिना गेला, पण सुटलं.

आणि फीचं म्हणाल तर अर्धी अजून बाकी आहे. केळीचा एक घड मात्र आला, तो ऑफिसात टांगलाय, या कधी.