डिजिटल ट्विन आलं म्हणून स्टॉपवॉच फेकायचं?

चाकण-रांजणगावकडच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, की असेंब्ली लाइन आता आधी कॉम्प्युटरमध्ये चालवून बघता येते (त्या कॉम्प्युटरमधल्या लाइनलाच डिजिटल ट्विन म्हणतात), त्यामुळे एक, तासाला किती नग पडणार ते अचूक कळतं, दोन, सगळ्या स्टेशनांचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) सारखा केला की मधे बफर (नग ठेवायची जागा) लागत नाही, आणि तीन, फ्लोअरवर स्टॉपवॉच घेऊन उभा राहणारा आयईवाला (इंडस्ट्रियल इंजिनिअर) आता नको, टेस्ला बघा म्हणे. मी दुसऱ्यापासून सुरू करतो, खरी गोची तिथंच आहे.

दोन स्टेशनं घ्या, दोन्हीकडे सरासरी ६० सेकंद. कागदावर तासाला ६० नग. पण काम कधी २० सेकंदात उरकतं, कधी बोल्टच बसत नाही आणि दोन मिनिटं जातात. मधे नग ठेवायला जागा नसेल तर पहिला काम संपवूनही अडकून उभा, नाहीतर दुसरा रिकाम्या हातानं वाट बघतोय. हा चढउतार एक्स्पोनेन्शियल धरला, म्हणजे बरीच कामं लवकर उरकतात पण काही फारच लांबतात (जरा जास्तच आहे, मान्य) तर तासाला ४०च पडतात! मधे एका नगाची जागा दिली की ४५, चारची दिली की ५१. सरासरी एका सेकंदानंही बदललेली नाही बघा. आणि याला सॉफ्टवेअरही लागत नाही, ६० ला (जागा + २) नं गुणा, (जागा + ३) नं भागा, झालं.

आता 'अचूक' आकडा. मशीन ९० टक्के वेळ चालू, एवढंच मॉडेलमध्ये टाकलंत तर ९ मिनिटं चालून १ मिनिट बंद हेही ९० टक्के आणि ९ तास चालून १ तास बंद हेही ९०च, पण पहिलं छोटा बफर गिळून टाकतो आणि दुसऱ्यात पुढची अख्खी लाइन बसून राहते. त्यात छोटे स्टॉपेज रजिस्टरमध्ये कोण लिहितो? शिवाय एका रनचा आकडा म्हणजे एका रँडम सीडचा आकडा, म्हणजे कॉम्प्युटरनं टाकलेल्या फाशांच्या एकाच डावाचा. सुरुवातीचा रिकाम्या लाइनचा वॉर्म-अप काढून, सीड बदलून बदलून रन मारले की रेंज मिळते, एक नंबर नाही. हा लेआउट बरा की तो, हे मात्र त्यातून मस्त कळतं, त्यासाठी जरूर वापरा.

राहिलं टेस्लाचं. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात मॉडेल ३ गाडीच्या लाइनचं कन्व्हेअरचं जाळं त्यांनी काढून टाकलं, बाहेर तंबूत आणखी एक लाइन टाकली, तिथं माणसं लावली, तेव्हा जूनअखेर आठवड्याला ५,००० गाड्यांचा आकडा गाठला. अति ऑटोमेशन ही चूक होती, माणसांना कमी लेखलं जातं, हे मस्कनं त्याच एप्रिलमध्ये स्वतः ट्विट केलेलं. आता कोणी म्हणेल सेन्सरचा टाइमस्टॅम्प आहे की, स्टॉपवॉच कशाला. अहो, टाइमस्टॅम्प ९४ सेकंद लागले एवढंच सांगतो, त्यातले ३० सेकंद ऑपरेटर फिक्स्चरची (नग धरून ठेवणाऱ्या साच्याची) वाकडी पिन सरळ करत होता हे तिथं उभं राहिल्याशिवाय कसं दिसणार?