गोळ्या सोडल्यावरही पोरगा बरा होता, मग बिघडला कशानं?

भाऊ, तुमचा आक्षेप असा: स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि खोटे संशय येणारा मनाचा आजार, त्यावरच्या आधीच्या लेखात गोळ्यांचीच बाजू घेतली. तुमच्या पुतण्यानं पोळ्याला गोळ्या सोडल्या, दिवाळीपर्यंत तो ठणठणीत होता. गोळ्यांनी तर तो मठ्ठ झाला होता. बिघडला दिवाळीनंतर, म्हणून गोळ्यांचा संबंध नाही.

संबंध आहे, फक्त तो उशिरा दिसतो. गोळी सोडली की पहिले काही दिवस माणूस उलट तरतरीत वाटतो, कारण गुंगी आणि अंगाचा ताठरपणा उतरतो. आजार परतायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. तोवर घरचे गोळ्या विसरलेले असतात आणि दोष जातो सोयाबीनच्या भावाला, भावकीच्या भांडणाला, नाहीतर करणीला. बहुतेकदा आधी झोप मोडते. मग रात्री अंगणात येरझारा, आंघोळीला टाळाटाळ, एकट्यानंच पुटपुटणं, जेवणात काही कालवलंय का असा संशय. लागोपाठ तीन-चार रात्री झोप नाही, की तेव्हाच दवाखाना गाठा. संशय पक्का झाल्यावर तो यायलाच तयार होत नाही.

मठ्ठपणाचं म्हणणं अर्धं खरं. दिवसा गुंगी असेल तर डॉक्टर गोळी रात्रीवर नेतात, डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. पण कुणाशी न बोलणं, कशातच मन नसणं हे बरेचदा आजाराचंच अंग असतं. त्यावर गोळ्या कमीच चालतात, आणि गोळ्या सोडूनही ते जात नाही. मान वाकडी होणं, जबडा अडकणं, डोळे वर चढणं मात्र हॅलोपेरिडॉलसारख्या औषधानं होतं. लोक त्याला बाधा म्हणतात. इंजेक्शननं ते बहुधा लवकर उतरतं.

आपल्याकडे उन्हाळ्याचाही विचार हवा. ताठरपणासाठी देतात त्या ट्रायहेक्सिफेनिडिलनं घाम कमी होतो. मे महिन्यात ४५ अंशांत अशा माणसाला तेंदूपत्ता तोडायला पाठवू नका. अंग तापलेलं आणि तो बरळतोय, तर वेडाचा झटका समजत बसू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता आणि तडक दवाखान्यात न्या.

पहिलाच झटका असेल तर बरं वाटल्यावरही साधारण एक-दोन वर्षं औषध लागतं, आजार वारंवार उलटत असेल तर बरंच जास्त. रोजची गोळी चुकतच असेल तर दोन ते चार आठवड्यांनी घ्यायचं फ्लुफेनाझिनचं इंजेक्शन आहे, त्याबद्दल विचारा.

आता पुतण्याला नेताना जुन्या स्ट्रिपा सोबत घ्या, गोळ्या कधी सुटल्या ते सांगा. जुना डोस घरीच सुरू करू नका, याच आजारावरचं क्लोझापिन हे औषध असेल तर मुळीच नाही: दोन दिवसांहून जास्त खंड पडला की ते पुन्हा अगदी थोड्यापासून चढवावं लागतं. जाणं लांबणार असेल तर तोवर १४४१६ वर फोन लावा; टेली-मानस ही मनाच्या आजारांसाठीची सरकारी फोन-सेवा, मोफत आहे, चोवीस तास.